आईच्या चित्राला चार हुक

माझ्या आईने चोवीस वर्षं चित्रं काढली आणि त्यातल्या एकाही चित्रात ओळखू येईल असं काही नव्हतं. झाड नाही, होडी नाही, डोक्यावर टोपली घेतलेली बाई नाही. कामोठे गावातल्या एका आगरी घरातल्या बाईने रोज दुपारी रंग लावत बसावं आणि त्यातून एखादा गणपतीसुद्धा निघू नये, याचं आमच्या भावकीला फार वाईट वाटायचं. "बाकी सगलं चांगलं हाय गो तिचं," असं बायका एकमेकींना सांगायच्या, जणू आईला काही आजार होता.

तिचं नाव चंद्रावती कमळाकर घरत. माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. लहानपणी तीही मीठ ओढायला जायची. आता त्या मिठागरांवर द्रोणागिरी वसाहतीची गोदामं उभी आहेत. लग्न होऊन ती कामोठ्यात आली तेव्हा इथे भातशेती होती. मग शेतं गेली, नवी मुंबईचे सेक्टर आले, बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि बाबांनी रंगकामाची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. 'घरत पेंटर्स'. स्कूटरच्या मागे लावलेल्या जादा चाकावर तेच नाव, बाबांनी स्वतः रंगवलेलं.

इथे आमच्या घरातलं एक गुपित सांगणं भाग आहे. आता बाबांनीच परवानगी दिली आहे. बाबांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. दोन्ही त्यांना मातकट दिसतात. धंद्यात उतरल्यावर पहिल्याच वर्षी त्यांनी एका बंगल्याचं फाटक चॉकलेटी म्हणून गडद हिरवं करून ठेवलं होतं. मालक भला होता. त्याला वाटलं, नवीन फॅशन असेल. पण त्यानंतर बाबा प्रत्येक साइटवर आईला स्कूटरवर मागे बसवून नेऊ लागले. लोकांना सांगायचे, "डबे धुवायला लागतात ना."

आई कोपऱ्यात डबे धुवत बसायची आणि बाबा मोठ्या ऐटीत बादलीतल्या पांढऱ्या रंगात स्टेनरच्या बाटल्या ओतायचे. रंग बरोबर जमला की आई पदर खांद्यावर घ्यायची. हिरव्याकडे झुकला की खोकायची, मग बाबा लाल टाकायचे. कोणाला कधी संशय आला नाही. फक्त एकदा आईला खरीच सर्दी झाली होती आणि बाबांनी एका डॉक्टरांचा फिका पिस्ता हॉल ओतत ओतत जवळजवळ वांग्याच्या रंगाचा केला. आईला खोकल्यामुळे बोलताही येईना. डॉक्टरांनी तिला औषध दिलं आणि हॉल पुन्हा करायला लावला.

चित्रांची सुरुवात झाली नव्व्याण्णव साली, हेतलबेन शहांच्या फ्लॅटमध्ये. मी तेव्हा नववीत होते. हेतलबेननी नुकताच नवीन सेक्टरमध्ये टू बीएचके घेतला होता आणि हॉलच्या मोठ्या भिंतीचा रंग त्यांना काही केल्या ठरवता येत नव्हता. शेड कार्ड बघून त्या दहा रंग सांगायच्या. आई त्या दहा रंगांचे हातभर पट्टे भिंतीवर लावून ठेवायची. दुसऱ्या दिवशी हेतलबेन आणखी सात सांगायच्या. पाच-सहा दिवसांनी भिंतीवर जागा उरली नाही, तेव्हा आईने जुन्या पट्ट्यांवर नवे लावायला सुरुवात केली. अकराव्या दिवशी बाबा वैतागून म्हणाले, "मॅडम, आता फायनल बोला."

हेतलबेन भिंतीसमोर चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चंद्राबेन, हे असंच राहू दे. सोफा इकडे लावते."

"मॅडम, हे सॅम्पल हाय," बाबा म्हणाले. "भिंत अजून रंगवायचीच हाय."

"मला हेच आवडलंय, कमळाकरभाई."

बाबांना तो अपमान वाटला. वीस वर्षं लक्षात राहावी अशी भिंत आणि त्यात त्यांचा रोलर एकदाही फिरला नव्हता. घरी येताना स्कूटरवर आई मागे बसून हसत होती. बाबांनी तीनदा विचारलं, "काय झालं?" तिन्ही वेळा ती म्हणाली, "काय नाय." घरी पोचल्यावर तिने त्यांच्याकडे एक प्लायवूडचा तुकडा मागितला.

त्यानंतर गच्चीवरची खोली तिची झाली. साइटवरून उरलेलं प्लाय, अर्धे संपलेले डबे, केस गळालेले ब्रश, पुट्टीच्या पात्या, सगळं तिथे जमा व्हायचं. जेवणं आटोपली, भांडी झाली की दोन ते चार ती वर असायची. फळी जमिनीवर आडवी ठेवायची आणि तिच्याभोवती उकिडवी सरकत सरकत रंग लावायची. आज या बाजूने, उद्या त्या बाजूने.

मला या सगळ्याची लाज वाटायची. तिने त्यात भर घातली. नववीतच आम्हाला पनवेलच्या शाळेत चित्रकलेच्या सरांनी 'माझे गाव' हे चित्र घरून काढून आणायला सांगितलं. माझी गणिताची चाचणी होती. आई म्हणाली, "तू अभ्यास कर, मी करतंय." सकाळी मी न बघताच गुंडाळी करून शाळेत नेलं. सरांनी ते वर्गात उघडलं. निळे-काळे ढग आणि मधे दोन-तीन ओघळ. त्यांनी लाल पेनाने लिहिलं, 'गाव दिसत नाही', आणि दहापैकी दोन दिले.

आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. मी खिडकीतून बघत होते आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं मला वाटत होतं.

"सर, तुमी कामोठ्यात कधी आलेलात?" तिने विचारलं.

"परवाच. का?"

"मग गाव दिसला तुमाला?"

सरांनी चित्र पुन्हा उघडून पाहिलं. त्या वर्षी गावाभोवती चारही बाजूंनी बिल्डिंगींची कामं चालू होती आणि वस्ती शोधावी लागायची हे खरंच होतं. त्यांनी थोडा विचार करून दोनाचे सहा केले. वर म्हणाले, "तुमच्या मुलीचा विचार खोल आहे."

घरी येताना मी तिला विचारलं, "तू खरंच तसा विचार करून काढलं होतंस?"

"छे. तुझी शाईची बाटली सांडली माझ्या हातनं. पुसत होती."

माझी तिच्याशी दोन दिवस बोलचाल बंद होती. सहा गुण मात्र मी ठेवून घेतले.

चित्रं साठत गेली तेव्हा ती फ्रेम करायला जुन्या पनवेलच्या बाजारपेठेत जाऊ लागली. तिथे मुश्ताकभाईंचं फ्रेमचं दुकान आहे. मुश्ताकभाई कमी बोलणारे आणि कामाला चोख. त्यांनी पहिली फळी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "बाई, वरची बाजू कुठली? हुक लावायचा आहे."

"तुमाला कुठली वाटते?"

"मला काय वाटायचं? काढलंय तुम्ही."

"मी तर चारी बाजूनं बसून काढलंय. मला वरची बाजू नाय."

मुश्ताकभाईंनी पेन्सिल कानामागे ठेवली. आतून त्यांची बायको, बिल्कीसखाला, हे ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "अहो, चार हुक लावा ना. त्यात काय मुश्कील आहे?" मुश्ताकभाईंनी चारही बाजूंना एकेक हुक लावला, आणि त्या दिवसापासून आई आणि बिल्कीसखाला यांची जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत टिकली. ईदला शीरखुर्मा आमच्याकडे, दिवाळीला करंज्या त्यांच्याकडे, आणि अधल्यामधल्या दिवसांत दोघी मिळून कोणाकोणाकडे जायच्या. कुठे जायच्या हे आम्ही कधी विचारलं नाही. बाया चहाला जातात, इतकंच आम्हाला माहीत होतं.

चित्रं ती विकायची नाही, देऊन टाकायची. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठेही. लोक मिक्सरची अपेक्षा करायचे आणि कागद फाडल्यावर फळी निघायची. नाही लावली तर आई कधीही येऊन टपकेल ही भीती असल्यामुळे सगळे लावायचे. कामोठ्यापासून पनवेलपर्यंत असे साठेक हॉल तिच्या ताब्यात आले.

गावाच्या समाजमंदिरातलं चित्र मात्र तिच्याकडे मागितलं गेलं होतं. महादेवशेठ गाव समितीचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांना ऑफिसात स्वतःचं मोठं चित्र हवं होतं. त्यांनी आईला बोलावलं.

"चंद्रावयनी, फुल साइज काढा. खुर्चीच्या मागं लावायचाय."

"शेठ, मला चेहरा येत नाय."

"घरचं माणूस असताना बाहेरचा पेंटर कशाला? तुमीच काढा."

आईने तीन आठवडे घेतले. चार फूट बाय सहा फुटांची फळी, वर जुन्या साडीचं कापड टाकून, बाबांच्या टेम्पोतून समाजमंदिरात गेली. समितीची वीसेक माणसं जमली होती. महादेवशेठनी कापड ओढलं. आत एक मोठा हिरवा चौकोन होता, बाकी राखाडी, आणि कडेला बोटभर नारिंगी. सगळ्यांनी शेठकडे पाहिलं.

"शेठ," आई म्हणाली, "हा तुमचा चेहरा नाय. हा तुमचा स्वभाव हाय."

मग कोणाची हिंमत होणार? एक जण म्हणाला, शांतपणा बरोबर आलाय. दुसरा म्हणाला, मन किती मोठं दाखवलंय. तिसऱ्याने हिरव्या चौकोनात शेठची दूरदृष्टी पाहिली. महादेवशेठनी स्वतः पुढे होऊन नारिंगीवर बोट ठेवलं.

"हे काय हाय?"

"तुमचा राग."

"थोडाच हाय."

"थोडाच दाखवलाय."

शेठ खूश झाले. आईला नारळ आणि साडी मिळाली. चार वर्षांनी अध्यक्षपद त्यांचा पुतण्या सत्यजीत याच्याकडे गेलं. शिकलेला मुलगा, काकांशी बोलणं बंद. त्याने पहिल्याच दिवशी आईला फोन करून सांगितलं की काकांचं चित्र घेऊन जा. आई गेली, दार लावून घेतलं आणि त्याला हळूच म्हणाली, "कोणाला सांगू नको. पण काढताना माझ्या डोल्यांसमोर तूच होतास." चित्र तिथेच राहिलं. सत्यजीतनंतर जे आले त्यांनाही तिने काहीतरी सांगितलं असणार, कारण ते अजूनही तिथेच आहे.

पुढे मुंबईहून वसुंधरा मॅडम आल्या. त्या चित्रकलेवर लिहायच्या. मुश्ताकभाईंच्या दुकानात कोणाची तरी फ्रेम करायला आल्या असताना त्यांनी आईची फळी पाहिली आणि थेट आमच्या घरी पोचल्या. आईने त्यांना बोंबलाचं कालवण आणि भाकरी खाऊ घातली, मग गच्चीवर नेलं. मॅडम गंभीर झाल्या. एका फळीवरच्या पांढऱ्या भागासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "इथे मला तुमचं बालपण दिसतं. मिठागर."

"तो प्रायमर हाय," आई म्हणाली. "तिथला रंग संपला."

मॅडमनी तरीही दोन पानांचा लेख लिहिला आणि त्यात मीठ हा शब्द चौदा वेळा होता. मी मोजला. आईने लेखाची घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवली. तिची त्या लेखावर हरकत नव्हती. "बाई एवढ्या लांबनं आली, काहीतरी दिसायला नको तिला?" असं म्हणायची.

तेव्हा मी एकदा तिला नीट विचारलं. माझे क्लासेस चालू झाले होते, मी सेक्टरमधल्या मुलांना गणित शिकवत होते, आणि माझ्या डोक्यात प्रत्येक गोष्टीला उत्तर असलं पाहिजे हे घट्ट बसलं होतं. "आई, मस्करी सोड. काय असतं त्या चित्रांत?"

ती ब्रश धूत होती.

"या घरात जे काय हाय ना दिपे, ते सगलं कोणाच्या ना कोणाच्या कामाचं हाय," ती म्हणाली. "पातेलं हाय, खाट हाय, मी हाय. हे एकच कोणाच्या कामाचं नाय. म्हणून बरं वाटतं."

मी दुसरा ब्रश उचलला आणि धुवायला लागले.

दोन हजार तेवीसच्या सुरुवातीला तिचं हृदय कमजोर झालं. जिना चढायला डॉक्टरांनी मनाई केली. बाबांनी गच्चीवरची खोली खाली हॉलमध्ये आणली, डब्यांसकट. ती पलंगावर बसून मांडीवर मावेल एवढ्याच फळ्या रंगवायची. हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश सोडून तिने मोडका कंगवा घेतला. हॉस्पिटलात शेवटचे आठ दिवस होती. नर्सने विचारलं की आजी, तुमचा व्यवसाय काय लिहू, तर म्हणाली, "डबे धुते." फॉर्मवर तेच लिहिलं गेलं. ऑगस्टमध्ये एका सकाळी, बाबा चहा आणायला खाली गेले असताना, ती गेली.

प्रदर्शन भरवायचं हे बिल्कीसखालाने ठरवलं, आम्ही नाही. वर्ष होत आलं तेव्हा ती घरी आली आणि बाबांसमोर बसून म्हणाली, "सगळी चित्रं एका जागी आणू. तिनेही कधी एकत्र बघितली नव्हती." बाबांनी कामोठ्यातला लग्नाचा हॉल घेतला. पितृपंधरवडा होता, हॉल रिकामाच पडलेला असतो. तीन दिवसांसाठी मिळाला. स्टेजवरचे सिंहासनासारखे दोन सोफे हलवता आले नाहीत, ते तसेच राहिले.

साठांपैकी एकतीस चित्रं आली. काही घरं बदलली होती, काही जण सापडले नाहीत. समाजमंदिराने त्यांचं द्यायला नकार दिला. ऑफिस उघडं पडेल म्हणाले. मी चित्रं टांगायला घेतली आणि पहिल्याच चित्रापाशी अडले. हेतलबेननी त्यांच्या मुलीच्या लग्नात मिळालेली फळी आणली होती. "लाल पट्टा वर," त्या ठामपणे म्हणाल्या. मी तसा लावला.

"मम्मी, पट्टा खाली असतो," त्यांची सून म्हणाली.

"अगं, मी रोज बघते."

सुनेने मोबाईल काढला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीचा फोटो, सगळं कुटुंब सोफ्यावर, मागे चित्र. पट्टा खाली होता. हेतलबेननी चष्मा लावला. मग त्यांनी स्वतःच्या मोबाईलमधला त्याच्या आधीचा फोटो शोधला. त्यात पट्टा डावीकडे होता. आणखी एक सापडला, त्यात वर.

"मला वाटायचं माझा नंबर वाढलाय," त्या हळूच म्हणाल्या. "दोनदा डोळे तपासून आले मी."

हे ऐकून शेजारच्या काकांनी त्यांचा मोबाईल काढला. मग त्यांच्या मागच्यांनी. अर्ध्या तासात हॉलमधली सगळी माणसं चित्रं सोडून आपापले दिवाळीचे, बारशाचे, साखरपुड्याचे फोटो बघत होती आणि एकमेकांना दाखवत होती. एकाही घरातलं चित्र सलग दोन सणांना तसंच नव्हतं.

बिल्कीसखाला स्टेजवरच्या सोफ्यात बसली होती. ओढणी तोंडावर धरलेली. मला वाटलं रडतेय. जवळ गेले तर तिचे खांदे हसण्याने हलत होते.

"खाला," मी म्हटलं, "काय प्रकार आहे?"

"तोबा, मला कसम घातलेली तिने." खालाने डोळे पुसले. "मी म्हणायची, मला गोळी घ्यायची आहे, जरा पाणी द्या. घरवाली किचनमध्ये गेली की चंद्रा खुर्चीवर चढायची आणि चित्र फिरवायची. मग बसून चहा प्यायची आणि बघायची, कोणाला कळतं का."

"किती वर्षं?"

"अठरा. अगं, मला गोळी कसलीच नव्हती. आता चालू झाली."

मुश्ताकभाई शेजारी उभे होते. त्यांना हे आत्ताच कळत होतं. चार हुक त्यांनीच लावले होते, आणि एवढी वर्षं ते त्याला बाईंचा विक्षिप्तपणा समजत होते. ते फिरून प्रत्येक फळीचा हुक पक्का आहे का ते बघून आले.

"कोणाला कळलं होतं का कधी?" मी खालाला विचारलं.

"एकीलाच. पण ती कोण, ते चंद्राने मला नाही सांगितलं."

त्या दिवशी मला आईचा राग आला आणि मग आला नाही. मी तिला इतकी वर्षं भोळी समजत होते. आम्ही सगळे तिच्यावर हसतोय असं मला वाटायचं, आणि ती साठ हॉलमध्ये चहा पीत आमच्याकडे बघत होती.

बाबांनी एक चित्र आमच्या घरातून, त्यांच्या पलंगासमोरून आणलं होतं. ते बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसत होतं आणि का ते मला कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती. मी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढून बसले आणि बघता बघता लक्षात आलं. त्यात फक्त निळा आणि पिवळा होता. बाकी तीस फळ्यांवर लाल-हिरव्याचा नुसता दंगा होता, या एकीवर त्याचा थेंबही नव्हता.

"बाबा, हे तुम्हाला कधी दिलं तिनं?"

"दिलं नाय. एक दिवस भिंतीवर होतं." ते चित्राकडेच बघत होते. "बोलली, हा तुमाला पुरता दिसंल."

मग त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि मला चहा आणायला पाठवलं. मी आणायला गेले आणि मुद्दाम उशीर केला.

तिसऱ्या दिवशी, बंद करायच्या वेळेला, एक बाई आली. पन्नाशीची, पायात स्लीपर, हातात पिशवी. ती सगळीकडे फिरली आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "ऑफिसातला नाय आणला?"

ती भामाबाई होती. समाजमंदिरात झाडलोट करते. मी सांगितलं की त्यांनी दिलं नाही.

"तुमची आई यायची मधनं मधनं. मीटिंग नसताना," ती म्हणाली. "चित्र फिरवून जायची. मी परत सरल करायची."

"एवढं मोठं? एकटी?"

"स्टुलावर चढून. जड हाय, पण येतं. सात-आठ वर्षं चाललेलं आमचं. ती फिरवायची, मी फिरवायची. बोललो कधीच नाय."

"सरळ म्हणजे कुठली बाजू?"

"हिरवा खाली."

"का पण?"

भामाबाईने मला हाताने दाखवलं, कंबरेएवढं. "मी लादी पुसायला खाली बसते ना. हिरवा खाली असला की माझ्या समोर येतो. वर असला तर फक्त खुर्चीवाल्यांच्या डोक्यावर."

मी तिला बसवलं, चहा दिला. बिल्कीसखालाला बोलावलं. खालाने तिचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. प्रदर्शनाची वही होती, त्यात अभिप्राय लिहायला मी भामाबाईला सांगितलं, तर म्हणाली मला लिहिता येत नाही, फक्त नाव येतं. मग नावच लिहिलं.

चित्रं ज्याच्या त्याच्या घरी परत गेली. वसुंधरा मॅडमनी दुसरा लेख लिहिला. त्यात मीठ नव्हतं, पण भामाबाईच्या हिरव्या रंगाबद्दल इतकं लिहिलं की आता तिला समाजमंदिरात लोक बघायला येतात आणि तिचं झाडायचं राहून जातं, अशी तिची तक्रार आहे.

गच्चीवरची खोली आम्ही पुन्हा वर नेली. दर गुरुवारी दुपारी ती उघडी असते. कोणीही बाईने यावं, फळी घ्यावी, रंग लावावा. बाबा डबे काढून देतात आणि आता उघडपणे विचारतात, "यातला लाल कोणता?" पहिल्या गुरुवारी अकरा जणी आल्या. दहा जणींनी भेळ खाल्ली, एकमेकींच्या सुनांची चौकशी केली आणि उठून गेल्या. भामाबाई मात्र फळीसमोर दोन तास हलली नाही. मी मनात म्हटलं, आता काहीतरी निघणार. आईच्या वरताण.

चार वाजता तिने फळी उचलून दाखवली. दोन डोंगर, मधे उगवता सूर्य, खाली घर, घराला दार, दारापुढे नारळाचं झाड आणि झाडाला पाच नारळ. बाबा म्हणाले, "वा, याला चित्र बोलतात." बिल्कीसखाला माझ्याकडे बघेना. मला हसू आवरत नव्हतं आणि भामाबाईला त्याचं काही वाटत नव्हतं.

"नाव कुठे लिहू?" तिने विचारलं.

"कुठेही लिहा."

तिने फळी जवळ ओढली, ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि सबंध सूर्यभर, एकेक अक्षर जपून, भामा लिहिलं.